उपासाला चालतं

प्रवासवर्णनात खाण्याचं वर्णन असावं अशी वाचकांची अपेक्षा असते. माझ्या या प्रवासातलं खाणं सोमवारी दुपारी संपलं आणि गुरुवारी परतीच्या गाडीत बसेपर्यंत पुन्हा सुरू झालं नाही. का, ते पुढे येईलच. पण जालना जिल्ह्यात जाऊन काय काय खाल्लंत, असं मला आल्यापासून बऱ्याच जणांनी विचारलं आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

मी पुण्यात लहान मुलांच्या एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. मूळची चिपळूणकडची. पोटाचे जुनाट आजार असलेल्या मुलांनी काय खायचं आणि काय नाही, हे ठरवणं माझं काम. त्यातला एक आजार आतड्यांना आतून सूज आणणारा, जखमा करणारा. त्याला क्रोन्स म्हणतात. आतड्यांत असंख्य सूक्ष्मजीव आयुष्यभर आपल्यासोबत राहतात. त्यांचं आणि शरीराच्या पहारेकऱ्यांचं बिनसलं की पहारेकरी आपल्याच घराच्या भिंती फोडायला लागतात, असं आम्ही पालकांना सांगतो. हे का बिनसतं, ते पुरतं अजून कुणालाच ठाऊक नाही.

मुलांमध्ये ही सूज उतरवायचा एक मार्ग औषधापेक्षा खाण्यातून जातो. सहा आठवडे नेहमीचं सगळं अन्न बंद. फक्त पूर्ण पोषण देणारी पावडर पाण्यात कालवून प्यायची, दिवसाला सात-आठ ग्लास, आणि वर साधं पाणी. रोजचं अन्न थांबलं की आतल्या सूक्ष्मजीवांची वस्ती पालटते आणि भिंतींना भरून यायला वेळ मिळतो, असा समज आहे. प्रत्येक मुलाला लागू पडतं असं नाही, आणि आजार कायमचा जातो असंही नाही. पण लागू पडलं, तर स्टिरॉइडच्या गोळ्या टळतात.

कोमलच्या गोष्टीत त्या गोळ्या महत्त्वाच्या आहेत. कोमल अकरा वर्षांची, पिंपळगाव रेणुकाईच्या बाहेर शेतवस्तीवर राहणारी. दोन वर्षांपूर्वी आजार सुरू झाला तेव्हा तिला स्टिरॉइड द्यावं लागलं होतं. पोट शांत झालं, पण तोंड सुजून गोल झालं, आणि शाळेतली मुलं तिला भोपळा म्हणायला लागली. तिनं शाळाच सोडली. ती पुन्हा सुरू करायला वर्ष गेलं. या उन्हाळ्यात दुखणं उलटलं तेव्हा ती आमच्या डॉक्टरांना एवढंच म्हणाली होती, "ते गोळीवालं तोंड नको."

म्हणून पावडर सुरू केली. चार आठवडे झाले. रोज संध्याकाळी मी फोन करायची. काही खाल्लं का? न्हाई मॅडम, काहीच न्हाई. ग्लास किती? आठ. सगळं चोख. आणि तरी शी तपासल्यावर सुजेचा जो आकडा निम्म्याहून खाली यायला हवा होता, तो जेमतेम हलला होता. वजनही तिथंच. डॉक्टर म्हणाले, मुलं चोरून खातात, त्यांचा दोष नाही, येत्या सोमवारपासून गोळ्या सुरू करू. मी त्यांच्याकडून आठवडा मागून घेतला, चार दिवसांची रजा टाकली आणि निघाले.

रविवार, बदनापूर

कोमलचे वडील भगवान स्वतःच्या पिकअपमधून मिरची वाहतात. त्यांचा त्या दिवशी बदनापूरला फेरा होता, म्हणून त्यांनी मला जालन्याऐवजी एक स्टेशन अलीकडे उतरायला सांगितलं. बदनापूर स्टेशन लहानसं आहे. बाहेर आले तर समोरच्या टपरीवाल्यानं विचारायच्या आत चहा हातात दिला. पुण्यात आधी विचारतात, मग देतात, आणि मधे आपल्याला नको म्हणायची सोय असते. इथं ती नाही. ही गोष्ट मी तेव्हा लक्षात ठेवायला हवी होती.

पिकअप रिकामा होता, पण मिरचीचा वास त्याच्या पत्र्यात मुरलेला होता. पहिले दोन किलोमीटर मी फक्त शिंकत होते. भगवान गंभीरपणे म्हणाले, "पाहुणा आला की गाडीच आधी बोलते." मग काच खाली घ्यायला लागले तर ती अडकलेली. राजूर मागे पडेपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि रस्त्यावरच्या लोकांना मी माहेरून सासरी निघालेली वाटत असणार.

दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन, मका. आमच्या कोकणात श्रावणात हिरवं इतकं अंगावर येतं की बघवत नाही. इथलं हिरवं मोजून मापून, ओळीत, आणि ओळींच्या मधे काळी जमीन दिसणारं. मला ते जास्त आवडलं. काय कुठे लावलंय ते कळतं.

भगवान वाटेत पोरीबद्दलच बोलत होते. महिना झाला, पोरीनं भाकरीला हात लावला नाही. मामाच्या घरी साखरपुडा झाला, तिथं पंगतीत बसली आणि ग्लास घेऊन उठली. "माझ्याच्यानं दोन दिवस होनार न्हाई, मॅडम," ते म्हणाले. त्यांना तिचा इतका अभिमान होता की मी आकड्याचा विषय काढला नाही.

सोमवार, वस्ती

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, अंगण शेणानं सारवलेलं. बाजूला मेंढ्यांचा वाडगा, काट्याच्या कुपाचा. घराणं मेंढपाळांचं. पूर्वी कळप घेऊन पार गोदावरीकाठापर्यंत जायचे. आता चार एकर जमीन आहे, आणि मेंढ्या उरल्या आहेत त्या म्हाताऱ्यापुरत्या. म्हातारा म्हणजे कोमलचे आजोबा, सगळे त्यांना आबा म्हणतात. सत्तरीच्या पुढचे, कान पक्के, बोलणं कमी.

सकाळी मी तपासणी केली. तपासणी म्हणजे सगळं बघणं: पावडरीचे डबे, मोजायचा चमचा, पाणी उकळायचं पातेलं. कोमलची आई सुनीता मोजताना चमचा सुरीनं सपाट करून घेत होती. आमच्या वॉर्डातल्या शिकाऊ मुलींना हे मी दर महिन्याला ओरडून सांगते. दाराच्या मागे, कालनिर्णयाच्या शेजारी, मी दिलेली यादी चिकटवलेली होती: हे चालणार नाही, ते चालणार नाही. यादीखाली भिंतीवर कोमलनं पेन्सिलीनं रोजची एक बरोबरची खूण केलेली. तीस खुणा. मला त्यात चूक सापडेना.

श्रावणी सोमवार म्हणून शाळा अर्धीच होती. कोमल बाराला आली. हडकुळी, तरतरीत, दोन वेण्या. मला बघून तिनं दप्तर ठेवलं, हात धुतले आणि स्वतःचा ग्लास स्वतः कालवला. मग तिनं मला पिण्याची रीत समजावून दिली: पावडर माठाच्या गार पाण्यात कालवायची, नाक धरायचं नाही, कारण नाक सोडल्यावर चव दुप्पट येते. "पहिला घोट काही न्हाई," ती म्हणाली, "शेवटचा लई वंगाळ. म्हनून शेवटचा आन पुढच्याचा पहिला एकदमच प्यायचा." आठातले दोन-दोन ग्लास ती असे जोडून पीत होती. हे मला पंधरा वर्षांत कुठल्याही मुलानं सांगितलं नव्हतं.

सुनीतानं ताटं घेतली. घरात सगळ्यांना उपास. मला असेल नसेल म्हणून भाकरी करू का विचारत होती, मी म्हटलं, आहे तेच वाढा. भगर आणि शेंगदाण्याची आमटी. भगरीला आमच्याकडे वरी म्हणतात, आणि ती आम्ही इतकी मऊ करत नाही. आमटी तिखट, दाट, फारच चांगली. मी दोन घास खाल्ले आणि तिसऱ्याला थांबले, कारण सुनीतानं एक लहान वाटी कोमलसमोर ठेवली होती. वाटीत भगर होती, वर आमटी. कोमलनं ग्लास बाजूला ठेवला आणि चमचा उचलला.

मी विचारलं, हे काय?

"उपासाचंच हाये, मॅडम," सुनीता म्हणाली. "बाकी काई न्हाई त्यात. मीठबी शेंदेलोण."

रोज खाते का, असं मी कोमलला विचारलं. रोज नाही, ती म्हणाली, घरात कुणाचा उपास असला तरच. मग मी बोटं मोजली. सोमवार आईवडिलांचा, गुरुवार आईचा, शनिवार आबांचा, वर चतुर्थी आणि दोन एकादश्या. मधल्या दिवशी भगर नाही, नुसता राजगिऱ्याचा लाडू, कारण तो डब्यात असतोच.

"अगं, पण मी रोज विचारत होते ना, काही खाल्लं का म्हणून?"

"मंग खाल्लंच न्हाई ना काही," कोमल म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळत नव्हता. "उपासाला चालतं तेवढंच."

सुनीताचा चेहरा तोवर उतरला होता. ती हळू म्हणाली, "तुमीच म्हनले होते मॅडम, सहा हप्ते पोरीला उपास हाये असं समजा."

म्हटलं होतं मी. वॉर्डात गर्दी होती, दहा मिनिटांत सगळं समजवायचं होतं, आणि तो शब्द मला सोयीचा वाटला होता. लोकांना उपास कळतो, उपास मोडायला लोक भितात, पाहुणेही आग्रह करत नाहीत. त्या शब्दावर मी स्वतःवर खूश होते. उठून दारामागची यादी पुन्हा वाचली. भाकरी, पोळी, भात, वरण, भाजी, दूध, बिस्किट, फळ, अंडी, मटण. साबुदाणा नाही. भगर नाही, वरी म्हणूनही नाही. शेंगदाणे, राजगिरा, रताळं, काहीच नाही. यादी माझ्या हातची. आणि आपण सगळेच एकादशीला पोटभर साबुदाण्याची खिचडी खाऊन "आज काही खाल्लं नाही" म्हणतो, मी धरून.

त्या घरात कुणी चोरून खाल्लं नव्हतं, कुणी खोटं बोललं नव्हतं. मी सांगितलं तेच त्यांनी केलं होतं, आणि माझ्यापेक्षा जास्त काटेकोर केलं होतं.

मी बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, एवढं पोटात जात असेल तर हा उपचार झालाच नाही असं धरायला हवं. पुन्हा पहिल्या दिवसापासून करायची तयारी असेल तर दोन आठवड्यांनी तपासू. तेव्हा आकडा घसरला नाही, तर मात्र गोळ्या. आजार ताब्यात ठेवायची रोजची दुसरी, साधी गोळी चालू आहे ती चालूच राहू दे. आणि मुलीला विचार, आईला नको.

आत येऊन मी मुलीला विचारलं. म्हणजे आधी सांगितलं: भगर, साबुदाणा, लाडू, हे सगळं आतल्या जिवांच्या हिशेबी जेवणच. त्यांना एकादशी कळत नाही. सहा आठवडे नव्यानं करावे लागतील.

"मंग ते तीस दिवस गेले?" कोमलनं विचारलं.

"गेले. चूक माझी आहे, तुझी नाही."

ती उठली, चप्पल घातली आणि मेंढ्यांकडे निघून गेली. सुनीता तिच्यामागे जायला लागली, मी तिला थांबवलं. तासाभरानं मीच गेले.

सोमवार, माळावर

माळ म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला खडकाळ चढ, त्यावर पावसानं आलेलं आखूड गवत. आबा काठीवर हनुवटी टेकून उभे. कोमल लांब एका दगडावर पाठमोरी. मी तिच्याकडे जायला लागले तर आबांनी काठी आडवी केली, म्हणून त्यांच्याजवळच थांबले.

त्यांनी मला विचारलं, ह्या पावडरीनं पोटात नेमकं होतं काय. मी वॉर्डात सांगते तसं सांगायला लागले: पोटात डोळ्याला न दिसणारे जीव असतात. त्यांनी मधेच मान हलवली. असतेत की, म्हणाले, मेंढराच्या पोटातबी असतेत. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जवळजवळ शब्दशः लिहून आणलं आहे.

मेंढरू एकदम कोवळ्या चाऱ्यावर सोडलं की हगायला लागतं. चारा पालटायचा तर आठ दिवस लावायचे, आज मूठभर, उद्या दोन मुठी. आणि एखाद्यानं मक्याच्या ढिगात तोंड घातलं तर पोट फुगून रवंथ बंद पडतो. तेव्हा त्यांचे वडील काय करायचे, तर चांगल्या रवंथ करणाऱ्या मेंढीच्या तोंडातला चोथा काढून आजारी मेंढीच्या तोंडात घालायचे. लगेच. गार व्हायच्या आत. "कामाला लागतेत आतले," आबा म्हणाले. "एकाच्या घरचे दुसऱ्याच्या घरी धाडायचे."

आमच्याकडच्या परिषदांमध्ये याच कल्पनेवर आता भाषणं होतात, निरोगी माणसाच्या शीतले सूक्ष्मजीव आजारी माणसाला देण्याची. मी आबांना तसं सांगितलं. हेही सांगितलं की या आजारात, लहान मुलांत, त्याचा भरवसा अजून कुणी देत नाही, आणि घरी असलं काहीही करायचं नाही. दगडावरून आवाज आला, "शी." म्हणजे ती ऐकत होती.

आबा हसले नाहीत. कोमलनं त्यांना सगळं सांगितलेलं दिसत होतं. त्यांनी मला समजावलं, की चूक मेहनतीत नाही, शब्दात झाली. "उपास म्हनल्यावर बाया फराळाचं करनारच. उपास म्हनू नका. दुधावरचं कोकरू म्हना."

दुधावर असलेलं कोकरू आईच्या दुधाशिवाय कशालाच तोंड लावत नाही, आणि मेंढपाळाच्या घरात त्याला कुणी चारा दाखवत नाही. शब्द उत्तम होता. पण मी एकदा पोळले होते. म्हटलं, दूध म्हटल्यावर उद्या कुणी शेळीचं दूध पाजेल.

"दुसऱ्या मेंढीच्या कासंला लागतं का कोकरू? ती लाथ मारती. एक कोकरू, एक माय." त्यांनी काठीनं घराकडं दाखवलं. "डब्बा तिची माय."

आता दगडावरून हसणं आलं. कोमल उठून आली. तोंड रागावलेलंच होतं, पण आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चूक तुमची ना?"

"माझी."

"मंग तुमीबी प्या. इथं हाये तवर. फक्त पावडर."

आबांनी तिला दटावलं नाही. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार होते? आणि मनात असंही आलं की पंधरा वर्षं ही पावडर लिहून देते आहे आणि चमचाभर चाखण्यापलीकडे कधी प्याले नाही.

घरी येऊन तिनं भिंतीवरच्या तीस खुणांवर एक आडवी रेघ मारली. खाली नवी ओळ सुरू केली, पुढे 'को' लिहिलं. त्याच्याखाली दुसरी ओळ, पुढे 'मॅ'. यादीच्या शेवटी मी पेननं लिहिलं: उपासाला चालतं तेही चालत नाही. संध्याकाळी उपास सोडायला सुनीतानं भाकरी, मेथी आणि ठेचा केला. मिरचीच्या गावातला ठेचा. मी ग्लास घेऊन बाहेर अंगणात बसले.

मंगळवार, शाळा

सकाळपर्यंत वस्तीवर बातमी पसरली होती. शेजारची कौसाबाई खास बघायला आली. मला ग्लास तोंडाला लावताना पाहून तिनं सुनीताला विचारलं, ह्यांना बी आजार हाये का. सुनीतानं सांगितलं, न्हाई, ह्यांना शिक्षा हाये. कौसाबाईला ते पटलं. कोमलचं काय, म्हणून विचारल्यावर सुनीतानं आबांचा शब्द वापरला. कौसाबाईनं पदराखाली आणलेली रताळी एक शब्द न बोलता परत नेली. महिनाभर मी यादी करून जे साधलं नव्हतं, ते दोन शब्दांत झालं.

कोमलबरोबर मी शाळेत गेले. गुरुजींनी तिला वर्गात बाटली ठेवायची परवानगी आधीच दिली होती. अवघड वेळ मधल्या सुट्टीची, खिचडीची. वऱ्हांड्यात ओळीनं मुलं बसलेली, मसालेभाताचा वास, आणि टोकाला आम्ही दोघी आपापल्या बाटल्या घेऊन. माझा तो दिवसातला चौथा ग्लास. व्हॅनिलाचा तो गोड वास मला आता लांबून ओळखू येत होता आणि पोट भरलेलं असूनही तोंडाला काहीतरी चावायचं होतं. मीठ हवं होतं. नुसतं मीठ. मला वॉर्डातल्या त्या सगळ्या मुलांची आठवण झाली ज्यांना मी "अगं, आइसक्रीमसारखंच लागतं" असं सांगितलं होतं.

एका मुलानं विचारलं, हिला आजार हाये म्हणून ही पिती, तुमी का पिता? मी काही बोलायच्या आत कोमल म्हणाली, "त्या शिकून राह्यल्या."

मग तिनं त्या मुलाला सांगितलं की पोटात जीव असतात आणि सध्या ती त्यांना पालटून राह्यलीय. आठवड्यानं चारा पालटतो तसं. मुलानं विचारलं, किती असतेत. ती म्हणाली, तुझ्या पोटात तर लई असतील, तीन वेळा वाढून घेतलंस. माझ्या विद्यार्थिनी परीक्षेत याहून वाईट उत्तरं देतात.

बुधवार, मिरचीबाजार

भगवान मला पिंपळगावचा मिरचीबाजार दाखवायला घेऊन गेले. तो बघण्यासारखा आहे. हिरव्या मिरचीच्या गोण्या, ढीग, तोलणारे, ओरडणारे, आणि हवेत असा झणका की माणसं बोलता बोलता खोकतात आणि बोलणं न तोडता पुढे जातात. इथली मिरची कुठकुठे जाते ते एका व्यापाऱ्यानं मला गावांची नावं घेत सांगितलं. बोलता बोलता त्यानं हातात कप दिला. मी तो घेतला, बोलत राहिले आणि प्याले. कप रिकामा झाल्यावर लक्षात आलं की चहा होता.

मी भगवानना काही बोलले नाही. हे कबूल करते. चहा म्हणजे काय मोठंसं, असं मनाशी म्हटलं.

संध्याकाळी कोमल भिंतीशी उभी राहून दोन ओळींत खुणा करत होती. भगवान सहज म्हणाले, मॅडमला बाजार आवडला, त्या व्यापाऱ्याचा चहाबी आवडला.

कोमल वळली. "चहा?"

"अगं, चहा म्हणजे काही खाणं नाही," मी म्हटलं.

"मंग साबुदाना बी जेवन न्हाई," ती म्हणाली.

सुनीता चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली होती. आबा वाडग्याकडे बघत होते. कोमलनं माझ्या ओळीत बुधवारी फुली मारली. मी विचारलं, आता मीही पहिल्यापासून का? ती म्हणाली, "बराबर. एक घोट असो का कप." आणि मग एकदम मोठ्या माणसासारखं, "चुकून झालं म्हनून पोटाला कळत न्हाई ना."

तेव्हा मला खात्री पटली की ही मुलगी सहा आठवडे करणार. घर सांभाळेल, गाव सांभाळेल म्हणून नव्हे. नियम आता तिचा झाला होता.

गुरुवार, आणि नंतर

निघताना सुनीतानं वाटेसाठी भाकरी आणि ठेचा बांधून दिला, गाडी सुटेपर्यंत उघडायचा नाही या अटीवर. अट कोमलची. मी पाळली. गाडी बदनापूर सोडून वेगात आली तेव्हा फडकं उघडलं. त्या भाकरीचं वर्णन मी करू शकत नाही, तीन मिनिटांत संपली.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते छापील यादी बदलण्याचं. आता पहिली ओळ साबुदाणा, भगर ऊर्फ वरी, शेंगदाणे, राजगिरा, रताळं यांची आहे, भाकरी त्यांच्या खाली. उपास हा शब्द रुग्णालयातल्या आमच्या खोलीत बंद आहे. आणि फोनवर मी "काही खाल्लं का?" विचारत नाही. "सकाळपासून तोंडात काय काय गेलं?" असं विचारते. याची उत्तरं फार वेगळी येतात. त्याच आठवड्यात दोन घरांतून शेंगदाण्याचा लाडू आणि एका घरातून देवाचा प्रसाद निघाला. याआधीच्या वर्षांत किती निघाला असता, याचा विचार मी करते आणि मग पुढचा फोन लावते.

दोन आठवड्यांनी कोमलची तपासणी झाली. आकडा निम्म्याहून खाली आला होता. डॉक्टरांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला, म्हणाले, गोळ्या नकोत. चार आठवड्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा तो आणखी उतरला होता आणि वजनाचा काटा हलला होता. आजार गेलेला नाही. तो पुन्हा डोकं वर काढेल, तेव्हा पुन्हा बघू. पण तोंड तिचं तिचंच आहे, आणि शाळेचा एक दिवस बुडलेला नाही. आता अन्न एकेक करून सुरू आहे, आबांच्या पद्धतीनं, आज मूठभर, उद्या दोन मुठी.

सहा आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी सुनीतानं भिंतीचा फोटो पाठवला. 'को'च्या ओळीत बेचाळीस खुणा, सात-सातचे गट करून लावलेल्या, सगळ्या बरोबरच्या. खाली 'मॅ'ची ओळ. दोन खुणा आणि एक फुली. मी फोनवर कोमलला म्हटलं, आता ती फुली पुसून टाक, घरी आलेले लोक वाचतात.

ती म्हणाली, "राहू द्या. नवीन कुनी पोरगी आली की दाखवायला लागंल."